खुर्चीपासून टेबलापर्यंत

आमच्या घरात मी नेमकं काय करते हे कुणालाच धड माहीत नाही. नवरा लोकांना सांगतो, "ती कॅन्सरवर काम करते," आणि समोरचा माणूस लगेच चेहरा पाडून माझ्याकडे बघतो. सासूबाई होत्या तोवर त्या शेजारीपाजारी सांगायच्या की धाकटी रक्त तपासते. ते खरंही होतं म्हणा. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात आमची प्रयोगशाळा आहे. तिथं बसून मी लोकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढते, त्यांना रंग लावते आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजते. खोलीला खिडकी नाही, मान कायमची धरलेली, आणि घरी आल्यावर डोळ्यांपुढे हिरवे ठिपके. कंटाळा आला का असं कुणी विचारलं तर मी हो म्हणेन, पण कुणी विचारत नाही.

एकट्या वहिनींना माझं काम कळलं होतं. वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. आम्ही एकाच इमारतीत राहतो, त्या आणि दादा खाली, आम्ही वर. वहिनी शाळेत पीटी शिकवायच्या. शिट्टी न वाजवता अख्खं मैदान गप्प करायचा आवाज होता त्यांचा, आणि तोच आवाज त्या घरातही वापरायच्या. लग्न होऊन आले तेव्हा मी त्यांना चांगलीच टरकून होते. मग एकदा कांदा चिरता चिरता त्यांनी विचारलं, "शास्त्रज्ञबाई, तुमच्या त्या पेशी दिवसभर करतात तरी काय?"

मी सांगितलं. रक्तात एका जातीच्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांचं काम पहाऱ्याचं. जंतू दिसला की धावून जातात, गिळून टाकतात, आणि तेही जमेना तर स्वतःच्या पोटातले धागे बाहेर फेकून जाळं करतात. जंतू त्यात अडकतो. पेशी बहुतेक वेळा त्यातच मरते. इथवर सगळं ठीक. पण अंडाशयाचा कॅन्सर पोटात पसरायला लागला, की आतड्यांवर चरबीचा जो पडदा असतो तिथं या पेशी आधीच जाऊन जाळी टाकून बसलेल्या सापडतात. भटकत आलेली कॅन्सरची पेशी त्या जाळ्यात अडकते आणि मरायचं सोडून तिथंच बस्तान बसवते.

वहिनींची सुरी थांबली. "म्हणजे चोर पकडायला गेलेल्या पोलिसानंच चोराला गादी घालून दिली."

"अगदी तसंच."

"छान आहे तुमचं खातं," त्या म्हणाल्या आणि कांद्याकडे वळल्या. त्यानंतर कैक वर्षं, संध्याकाळी मी जिन्यात दिसले की त्या विचारायच्या, "काय म्हणतात आज पोलीस?" मी काहीतरी सांगायचे. कधी पेशी वाळून गेलेल्या असायच्या, कधी रंग बिघडलेला. त्या सगळं ऐकून घ्यायच्या, आणि पुढच्या आठवड्यात बरोबर तिथूनच पुढचं विचारायच्या. माझं काम इतकं लक्ष देऊन दुसऱ्या कुणी ऐकलेलं नाही, नवऱ्यानंही नाही.

पुढे त्याच आजारानं त्यांना गाठलं. अंडाशयाचा, उशिरा कळलेला, चरबीच्या पडद्यापर्यंत गेलेला. लोक म्हणाले, काय हा योगायोग. मला त्यात काही योगायोग वाटत नाही. हा आजार पुष्कळ बायकांना होतो आणि बहुतेकींना उशिराच कळतो, म्हणून तर माझी नोकरी आहे. ऑपरेशन झालं, केमो झाली, काही महिने बरे गेले, तो परत आला, परत केमो. दुसऱ्या खेपेनंतर त्यांचा आवाज गेला. बोलायच्या त्या, पण अंथरुणाच्या कडेपर्यंत पोचेल एवढंच. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी तीच केमोची यादी पुढे केली तेव्हा घरी येऊन त्या मला म्हणाल्या, "बास झालं गं आता. दमले मी."

मला ते ऐकायचंच नव्हतं. कारण त्याच सुमारास आमच्या हॉस्पिटलात एका औषधाची चाचणी सुरू व्हायची होती, आणि तिच्या मुळाशी आमच्या तळघरातलं काम होतं. आम्ही दाखवलं होतं की या आजाराच्या बायकांच्या रक्तातल्या पेशी निरोगी बायकांच्या पेशींपेक्षा कितीतरी जास्त जाळी टाकतात. औषध ती जाळी विरघळवणार होतं. ज्यांच्या रक्तात जाळ्यांचा आकडा ठरावीक रेषेच्या वर असेल त्यांनाच ते मिळणार. बाकीच्यांना ते द्यायचं नाही, कारण जाळीच नसतील तर विरघळवणार काय? दर आठवड्याला सलाइन, मधे पोटात सुई घालून पडद्याचा तुकडा पुन्हा काढायचा, ताप येण्याची शक्यता. सोपं काहीच नव्हतं. पण वहिनींसाठी तेवढंच उरलं होतं, असं मी धरून चालले होते.

मी त्यांच्या पलंगाशी बसून सगळं समजावलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुम्हाला बायका मिळतात का यासाठी?"

"कुठल्या मिळायला," मी म्हटलं. "सगळ्यांची अडचणच. घोडं तिथंच अडलंय आमचं."

"घाल मग माझं नाव."

त्यांचं रक्त खाली आलं, मोजलं गेलं, आकडा रेषेच्या खूप वर निघाला. आजारी माणसाचा आकडा वाईट आला म्हणून मी इतकी आनंदले की जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढून गेले. दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, पहिल्यांदाच माझ्यापुढे डोळे पुसले. दादा लिफ्ट दुरुस्त करतात. बंद पडलेली गोष्ट खोलून बघितली की चालू होते, यावर त्यांचा आयुष्यभराचा विश्वास. ते म्हणाले, "तुझ्यामुळे झालं हे." मीही ते श्रेय घेऊन टाकलं.

औषध सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात आणखी एकदा रक्त द्यायचं होतं. दादांना कामावरून सुटता येईना म्हणून वहिनींबरोबर मी वर वॉर्डात गेले. इतकी वर्षं तळघरात काढली, पण त्या वॉर्डात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. आमच्याकडे ट्यूब यायच्या त्या स्वागतकक्षाच्या खिडकीतून, ट्रेमध्ये मांडून. वॉर्डातून तिथवर त्या ट्यूब वॉर्डातल्या कामाच्या मावशी हातानं आणतात, असं मी धरलेलं. तसंच ठरलं होतं, मीच लिहून दिलं होतं: हळू आणा, हलवू नका, थंड करू नका. या पेशी भारी तापट. ट्यूब जराशी आपटली, जोरात फिरवली, तरी बिथरून जाळी टाकतात. म्हणून आमच्या खोलीत सगळे दबकत वावरतात, ड्रॉवरसुद्धा हळू ढकलतात. नवीन माणसानं दार आपटलं की मी एवढी डोळे वटारते की तो पुन्हा आपटत नाही.

सिस्टरनं वहिनींच्या हातातून रक्त घेतलं. कोपरात शीर सापडेना, तेव्हा मनगटावर टोचलं. वहिनी छताकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "द्या सिस्टर, मीच जाताना नेते खाली."

"कशाला? पोचलंसुद्धा असेल तुमच्या आधी," असं म्हणत त्यांनी ट्यूब एका जाड प्लास्टिकच्या डबीत टाकली, डबी भिंतीतल्या झडपेत सरकवली आणि बटण दाबलं. फटकन आवाज झाला आणि डबी गेली. हवेच्या जोरावर चालणारा पाइप, सगळ्या मजल्यांमधून वळणं घेत खाली स्वागतकक्षापर्यंत जातो. हॉस्पिटलातली निम्मी रक्तं त्यातूनच फिरतात, त्यात काही वावगं नाही. साखर मोजायला काही फरक पडत नाही.

"आमच्या अभ्यासाच्यापण यातूनच पाठवता?"

"मावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना, तेव्हापासून. त्याला झाली बरीच वर्षं. का हो?"

"काही नाही," मी म्हटलं. वहिनींना चपला घालायला मदत केली. आमच्या निरोगी बायका म्हणजे कोण, तर आम्हीच. मी, हिशेबखात्यातल्या बाई, वरच्या मजल्यावरच्या दोघी-तिघी. आम्ही प्रयोगशाळेतल्याच खुर्चीत बसून रक्त देतो आणि ते चार पावलांवर टेबलावर जातं. आजारी बायकांचं रक्त मात्र भिंतींतून आदळत, गरगरत खाली येत होतं. आणि मग आम्ही दोन्ही शेजारी ठेवून म्हणत होतो, बघा, यांच्या पेशी किती चिडलेल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न सांगता वर गेले आणि सिस्टरला माझंच रक्त दोन ट्यूबांत घ्यायला लावलं. एक पाइपातून पाठवली. दुसरी मुठीत धरून जिन्यानं उतरले, भरल्या पेल्यासारखी. दोन्हींवर सारखंच काम केलं. सूक्ष्मदर्शकाखाली हातानं आणलेल्या पेशी गोल, शहाण्यासारख्या बसल्या होत्या. पाइपातून आलेल्यांनी सगळीकडे धागे पसरले होते. मी धडधाकट बाई. पण त्या काचेवरून कुणीही सांगितलं असतं की हिला अंडाशयाचा कॅन्सर आहे. पुन्हा केलं, हिशेबातल्या बाईंनाही वर नेऊन केलं. तेच.

मी बराच वेळ त्या स्टुलावर नुसती बसून राहिले. रडू नाही आलं. थकल्यावर माझं असंच होतं, आधी झोप येते.

मॅडमना सांगणं भाग होतं. मॅडम आमच्या प्रमुख. बाई कडक, पण लबाडी नाही. त्यांनी दोन्ही काचा स्वतः बघितल्या, मग चष्मा काढून नाकाचा शेंडा चोळत बसल्या. "एवढ्या वर्षांत आपल्यातलं कुणी एकदा वर जाऊन बघू नये?" त्या म्हणाल्या. मला म्हणत होत्या की स्वतःला, कळलं नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "चरबीच्या पडद्याचे तुकडे पाइपातून आले नव्हते. ते ऑपरेशनच्या खोलीतून आपण स्वतः आणले. त्यांत जाळी आहेत, ती खरी आहेत."

"हो. रक्ताचे आकडे तेवढे गेले."

"तेवढेच. आणि चाचणी त्यांच्यावरच उभी." त्यांनी फोन उचलला आणि परत ठेवला. "आज सगळ्यांना कळवते. पुढची भरती बंद. ज्यांची नावं घेतली आहेत त्यांचं रक्त पुन्हा घ्यायचं, इथं, आपल्या खुर्चीत. तुझ्या वहिनी पहिल्याच आहेत ना?"

"पहिल्याच."

"मोजणी तू करायची नाहीस. ती मी करीन. रक्त घेणारी दुसरी मुलगी सुट्टीवर आहे, म्हणून रक्त तू घे आणि माझ्या टेबलावर आणून दे. त्याआधी घरी सांग. हे त्यांना तुझ्याकडून कळू दे."

त्या संध्याकाळी मी वरती न जाता आधी खालच्या दाराची घंटा वाजवली. वहिनी सोफ्यावर आडव्या होत्या, दादा त्यांच्या पायांना तेल लावत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, कारण बसले असते तर सांगणं लांबलं असतं.

दादांना पाइप लगेच कळला, यंत्रं त्यांना कळतात. त्यांना कळत नव्हतं ते पुढचं. "म्हणजे हिला आता घेणार नाहीत?"

"पुन्हा मोजणार. आकडा वर आला तर घेतील."

"आणि खाली आला तर?"

"तर नाही."

त्यांनी तेलाची बाटली बंद केली. "मग येऊ दे की वर. रक्त तूच घेणार आहेस ना? तूच म्हणालीस, जरा हलवलं की वर जातो."

"दादा, तसं नसतं करत."

"तसं म्हणजे कसं? इतके दिवस पाइप हलवत होता तेव्हा चाललं तुम्हाला. आता घरच्या माणसाला गरज आहे तर तुमचे नियम आठवले." आवाज चढला नव्हता. दादांचा आवाज चढत नाही, ते नुसते लाल होतात. "मी दुसरं काय मागितलंय तुझ्याकडे आजवर?"

खरंच काही मागितलं नव्हतं. माझ्या बाळंतपणात दादा माझ्या खोलीचा पंखा दुरुस्त करायला अर्ध्या कामावरून आले होते. मी वहिनींकडे बघितलं. त्या डोळे मिटून पडल्या होत्या. म्हणाल्या, "तो दिवा घालवा कुणीतरी. डोळ्यांवर येतोय."

रात्रभर मी स्वतःशी भांडत राहिले असं म्हणणार होते, पण खरं सांगायचं तर झोपले. सकाळी उठले तेव्हा ठरलेलं काहीच नव्हतं. भाजी फोडणीला टाकताना वाटलं, काय बिघडतं? एक बाई. तिच्या पडद्यात जाळी असतीलही, रक्तात नसली तरी. औषध लागू पडेलही. आणि नाही पडलं तर निदान दादांना असं वाटणार नाही की दार आपल्या तोंडावर लावलं गेलं. मग वाटलं, दर आठवड्याला ती सुई, तो ताप, आणि सगळं कशासाठी, तर मी ट्यूब हलवली म्हणून. भाजी करपली. नवरा तीच डब्यात घेऊन गेला.

दादा वहिनींना घेऊन आले. आमच्या खोलीत रुग्णाशिवाय कुणाला येता येत नाही, म्हणून ते बाहेर बाकावर बसले, मांडीवर वहिनींची पिशवी. दार लागेपर्यंत त्यांनी माझ्याकडे बघितलं. पुन्हा सांगायची त्यांना गरज नव्हती.

वहिनी आमच्या निरोगी लोकांच्या खुर्चीत बसल्या. पहिल्यांदाच आल्या होत्या इथं. सगळीकडे नजर फिरवून म्हणाल्या, "हे होय तुझं ऑफिस. मला वाटलं होतं मोठं असेल."

"सगळ्यांना तसंच वाटतं."

"आणि पोलीस कुठं असतात?"

"अजून तुमच्याच अंगात आहेत. थांबा, काढते." त्या हसल्या, आणि हसताना पोट धरलं. शीर पहिल्या झटक्यात मिळाली, देवाची कृपा. ट्यूब भरली. कापूस लावला, त्यांचा हात कोपरात मिटवून दिला. पलीकडच्या काचेमागे मॅडम पाठमोऱ्या बसल्या होत्या, सूक्ष्मदर्शक जुळवत. टेबल चार पावलांवर. ट्यूब माझ्या हातात कोमट होती.

मी जागची हलले नाही.

"आता हे तिकडे न्यायचं?" वहिनींनी विचारलं.

"हो."

"मग?"

खोटं बोलायची ताकद नव्हती, आणि ते एकटीनं पेलायचीही नव्हती. मी खाली वाकून हळूच म्हटलं, "वहिनी, मी ही इथंच चार-सहा वेळा जोरात झटकली, तर आकडा वर जाईल. कुणाला कळणार नाही. औषध मिळेल तुम्हाला."

त्या ट्यूबकडे बघत राहिल्या. "लागू पडेल?"

"नाही माहीत. रक्त मुळात शांत असेल तर बहुधा नाही. पण खात्रीनं नाही सांगता येत. खरंच नाही सांगता येत."

"ह्यांनी सांगितलं ना तुला, झटक म्हणून."

"दादांचं काही चुकलं नाही."

"चुकलं असं मी म्हणतेय कुठं." त्यांनी मान मागे टेकली. "मला हे नकोच होतं गं. पहिल्यापासून. त्या दिवशी मी तुला बास म्हटलं, ते खरंच बास म्हटलं होतं."

"मग हो का म्हणालात?"

"तू म्हणालीस, बायका मिळत नाहीत. इतकी वर्षं तुझ्या त्या पेशींचं ऐकत आले. म्हटलं, जायचंच आहे तर हिच्या कामाला तरी येऊ."

मी त्या पलंगाशी बसून इतकं बोलले होते, त्या आकड्यावर इतकी आनंदले होते, आणि या बाईनं माझ्यासाठी म्हणून सुया टोचून घ्यायचं कबूल केलं होतं. लाज वाटली. इतकी की त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

"मी तुमच्यासाठी करत होते," मी कशीबशी म्हणाले.

"ते आज कळलं मला. दोघी शहाण्या." त्यांनी कापूस काढून बघितला, रक्त थांबलं होतं. "मला आणखी जगायचं नाही असं समजू नकोस. जगायचंय. पण घरी. माझ्या पलंगावर, ताप नसलेल्या अंगानं, जितकं मिळेल तितकं. ह्यांना हे सांगायला गेले तर ते म्हणतील हिनं हाय खाल्ली. रोज समजावत बसतील. मला त्यांच्याशी भांडायचं नाहीये आता. तेवढा दम नाही."

"मग काय करू?"

"काही करू नकोस. जशी आहे तशी ने. आकडा खाली आला तर मला काही बोलावंच लागणार नाही."

"आणि दादा मला विचारतील."

"विचारतील." त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत मैदानावरच्या बाई क्षणभर दिसल्या. "मी नको म्हटलं हे त्यांना सांगायचं नाही. आत्ता नाही आणि मी गेल्यावरही नाही. मी त्यांना सोडून जायला तयार होते असं त्यांना वाटलेलं मला चालणार नाही. तुझ्यावर रागावले तर रागावू देत. तू सहन करशील, तुला येतं ते."

मला येतं की नाही, हे त्यांनी मला विचारलं नाही. मी मान हलवली. मग ट्यूब सरळ धरली आणि निघाले. चार पावलं मी इतक्या हळू चालले, की बघणाऱ्याला उभीच आहे असं वाटलं असतं. मॅडमच्या टेबलावरच्या खाचेत ट्यूब ठेवली, आवाज न करता. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. म्हणाल्या, "तिकडेच थांबा दोघी."

वहिनी आतल्या बाकड्यावर आडव्या झाल्या आणि त्यांना झोप लागली. मी त्यांच्या पायांवर माझा पांढरा कोट घातला. दार उघडून दादांना सांगावं असं वाटलं नाही, सांगण्यासारखं काही नव्हतंही. पेशी वेगळ्या होऊन रंग चढेपर्यंत दुपार उलटली. मॅडम दारात आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"शांत आहेत," त्या म्हणाल्या. "तुझ्या स्वतःच्या होत्या तितक्याच. रेषेच्या खूप खाली." त्यांनी झोपलेल्या वहिनींकडे बघितलं. "मला वाईट वाटतंय."

मी हो म्हटलं. वाईट वाटलं मलाही, आणि वहिनींसाठी सुटल्यासारखंही वाटलं, दोन्ही एकदम. बाहेर बाकावर दादा पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत बसले होते. मला बघून उठले.

"खाली आला," मी म्हटलं. "चाचणीत नाही बसत त्या."

त्यांनी बोटाला गुंडाळलेला बंद सोडला. "किती खाली?"

"खूप."

"तू आत एकटीच होतीस तिच्याबरोबर."

"हो."

"ट्यूब तूच नेलीस."

"हो, दादा."

"म्हणजे तुझ्या हातात होतं." त्यांचा चेहरा लाल झाला नाही. लाल झाला असता तर बरं झालं असतं. एका जागी बसून बसून ते थकून गेले होते, आणि मला पहिल्यांदाच तो चेहरा म्हाताऱ्या माणसाचा दिसला. "एवढंच सांग मला. तुझ्या हातात होतं की नव्हतं?"

माझ्या मागे दार उघडलं, मी वळून बघितलं. वहिनी चौकटीला धरून उभ्या होत्या, माझा कोट खांद्यावर. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता तरी त्या काही बोलतील. त्या बोलल्या नाहीत, आणि मीही पुन्हा वळून बघितलं नाही.

"होतं," मी म्हटलं. "माझ्याच हातात होतं."